परमनंट सोडलं, इंजिन धरलं!

ऐकलंत का? शिव शिव शिव! आमच्या बाजारकुणंगच्या एका सोन्यासारख्या मुलाने गोव्यातली नोकरी सोडली. साधीसुधी नव्हे, परमनंट! पीएफ, कँटीनचं जेवण, दिवाळीला बोनस, न्यायला-आणायला कंपनीची बस. आणि सोडली कशासाठी? धारवाडला खोली घेऊन रेल्वेचा असिस्टंट लोको पायलट व्हायचा अभ्यास करायला. झालेला नाही हं अजून, व्हायचा अभ्यास! आजीने तर विमान चालवणार म्हणून अर्ध्या गावाला सांगूनही टाकलंय.

बरं, गावात रुळाचा तुकडा नाही. आमची रेल्वे म्हणजे तालुक्याच्या कडेचं कॅसलरॉक. तिथून खाली कुळ्यापर्यंतचा घाट असा, की 37 फूट पुढे जावं तर एक फूट चढ. मालगाडी वर यायची तर मागूनही इंजिनं लावावी लागतात. या मुलाच्या मागे कोण लागलंय? बापाच्या सुपारीच्या बागेतला पैसा!

एकट्याचंच डोकं फिरलंय म्हणावं, तर तसंही नाही. 2018 साली याच पदासाठी आणि टेक्निशियनसाठी मिळून 47 लाखांवर अर्ज आले होते. जागा आधी 26,502, मग वाढवून 64,371. 2024 ला 5,696 म्हणाले आणि पुढे 18,799 केल्या. आकडा वाढला की इकडे आणखी दोघांचे राजीनामे तयार! आणि मूळ पगार किती, तर 19,900. वर भत्ते असतात म्हणे. असतील बाई.

परीक्षा तरी एक असावी? लेखी दोनदा. मग संगणकावर ती सीबॅट. तिच्यातल्या प्रत्येक चाचणीत किमान 42 गुण हवेत, एकीत 41 पडले की चालू लागा. पेपर मराठीत देता येतो, कन्नडात येतो, कोकणीतही येतो. म्हणून घरात तिसरंच भांडण. शाळा कन्नड, घरात कोकणी, देवघरातल्या पोथ्या मराठी. आता सिग्नलचे प्रश्न कुठल्या भाषेत सोडवायचे?

पण खरी गंमत डोळ्यांची. चष्म्याशिवाय 6/6 दिसायला हवं. लेझरने नंबर घालवलेला चालत नाही. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचे ते वेगळंच. तेव्हापासून त्या घरात गाजराशिवाय भाजी नाही आणि दिवे लागले की मोबाइल आईच्या पदराखाली.

इंजिन चालवणं हे निदान पुरुषमाणसाचं काम, असं मी म्हणायला आणि पलीकडची कॉलेजातली पोर फणकारायला एकच गाठ. म्हणे, साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 पासून रेल्वेत होत्या, 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या, बोरघाट चढवून नव्हे, उतरवून! मी गप्प. पोरीच्या हातात कसलं पुस्तक होतं ते मात्र मी पाहिलंय. तिच्या आईला अजून पत्ता नाही, आणि मी सांगणार नाही. म्हणजे तुम्हालाच तेवढं सांगितलं.

आता त्या मुलाचं लग्न. गोव्यात होता तेव्हा दोन स्थळं दारात होती. एक राजीनाम्याच्या दिवशीच फिरलं. दुसऱ्यांचा निरोप आलाय: पत्रिका मागाहून पाहू, आधी डोळ्यांचा दाखला दाखवा.