गुप्तहेराचा नेमाचा हात

टेबलावर फासे टाकून खेळायच्या हेरगिरीच्या खेळांत एजंटाची चौकशी स्थळ बघायला आल्यासारखी होते. 1983च्या ‘जेम्स बाँड 007’मध्ये तर गाडी चालवणं, जुगार, खाण्यापिण्याची पारख, सगळ्याचा हिशेब आहे. पण गोळीबार सुरू झाला आणि खेळाडू ‘मी खांबाआड’ म्हणाला, की खेळ चालवणारा गेम मास्टर त्याला आडोशाचा फायदा देऊन मोकळा होतो. खांबाच्या कुठल्या कडेने, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा खेळ तिथेच आहे. उजव्या हाताचा नेमबाज उजव्या कडेने डोकावला, तर बंदूक, उजवा डोळा आणि खांद्याची एक फाक एवढंच शत्रूला दिसतं. त्यालाच डाव्या कडेने रायफल रोखायला लावा, म्हणजे नळीच्या मागोमाग नाक, टाय आणि अर्धं पोट दर्शनाला येतं. हात बदलावा, तर ‘गर्प्स’ या अशाच खेळांच्या नियमावलीत दुसऱ्या हाताला चारचा दंड आहे. तीन फाशांवर 12 किंवा कमी हवे असलेल्या एजंटाची 74 टक्क्यांची खात्री त्यामुळे 26 टक्क्यांवर येते. पोट झाकावं की नेम साधावा? हा पेच फुकट का घालवायचा?

खेळ रेंगाळेल म्हणाल, तर ‘कुठल्या कडेने?’ विचारायला फासे उचलण्याहून कमी वेळ लागतो. पिस्तूल दोन्ही हातांनी समोर धरलं की फरक थोडाच उरतो, हे मान्य. तिथे दंड हलका ठेवावा. पण ‘आमचा एजंट दोन्ही हातांनी तयार आहे’ हे ऐकून घेऊ नये. ‘गर्प्स’च्या चौथ्या आवृत्तीत त्या गुणाला पाच पॉइंट पडतात, ते मोजावेत. शिवाय एजंटाच्या माहितीच्या शीटवर नुसतं ‘डावखुरा’ लिहून भागत नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग करतो उजव्या. तेव्हा ‘नेमाचा हात’ असा वेगळा रकाना हवा.

आता खलनायकाचा अड्डा. त्यातले बोळ उजवीकडे वळवावेत. कोपऱ्यावरून आत बघताना माणूस आडोशाच्या डाव्या कडेनेच बाहेर येतो. अर्थात दहांत एखादा डावखुरा निघतो, आणि त्याला हा बोळ आंदणच. मग त्याच्या हाती ब्रिटिशांची एसए80 रायफल द्यावी. तिची रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात, म्हणजे डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याच्या थेट गालावर.