सपाटराव

हल्ली बहुतेक सोसायट्यांत एखादा सपाटराव निघतोच. वय साठीच्या पुढे, पेन्शन चालू, गुडघे कुरकुरते आणि मोबाइलचा डेटा अमर्याद. पूर्वी हा माणूस मधुमेहावर कारल्याचा रस सुचवायचा. आता पृथ्वी सपाट आहे असं सांगतो. 'शाळेत शिकवलं म्हणून मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा' हे त्याचं ब्रीद. त्यात खोट काढता येत नाही, हीच पंचाईत!

आमचे सपाटराव दादर चौपाटीवर भेटतात. गळ्यात दुर्बीण, तिपाईवर अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेला झूम कॅमेरा, हातात गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ. ती आडवी धरून, एक डोळा मिटून ते क्षितिजाला भिडवतात. बुडबुडा मधोमध आला की भेळवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "बघा! कुठाय गोलाई?"

गोलाई दिसत नाहीच. वाळूवर उभ्या माणसाला जेमतेम साडेचार किलोमीटरवर क्षितिज लागतं. परीघ चाळीस हजार किलोमीटरचा. त्याचा एवढासा तुकडा सरळच भासणार. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त हेच सांगितलंय : परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, त्यात माणूस चिमुकला, म्हणून त्याला पृथ्वी सपाट वाटते. गंमत म्हणजे 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' हा मेसेज ग्रुपवर रोज सकाळी सपाटरावच टाकतात. भास्कराचार्यांची ड्यूटी बहुधा दुपारी संपते.

जहाजाचं बूड आधी का दिसेनासं होतं, असं विचारलं की ते झूम फिरवतात. ठिपका झालेली होडी झूमने पुन्हा मोठी दिसते, हे खरंच. पण क्षितिजापलीकडे गेलेल्या जहाजाचं बूड कितीही झूम केलं तरी पाण्यातून वर येत नाही; वरचे कंटेनर तेवढे मोठे होतात. सपाटराव म्हणतात, "लाटा आड येतात." समुद्र शांत असला तर धुकं. धुकं नसलं तर दृष्टिभ्रम. तेही संपलं की नासा! एकदा जाळं सांधत बसलेल्या कोळ्याला त्यांनी साक्षीला ओढलं. तो मान वर न करता म्हणाला, "येताना आधी डोंगर दिसतो, मग बिल्डिंगा, मग किनारा. तुमचं काय ते तुम्ही बघा." सपाटरावांनी निकाल दिला, "अनुभव आहे, अभ्यास नाही."

रिडेव्हलपमेंटमध्ये सपाटरावांना समुद्राकडचा तिसावा मजला मिळालाय. परवा चौपाटीवरून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, सूर्य मावळला, दिवा लाव."

"काहीतरीच काय! मला इथून दिसतोय अजून."

मिनिटभर हुज्जत झाली. ती संपेपर्यंत वरचाही सूर्य बुडाला.

"उंचावरून लांबचं दिसतं," सपाटराव म्हणाले.

"अहो, सगळं सपाट, तर तुम्हाला खालून मधे आडवं आलं काय?"

"तुला परस्पेक्टिव्ह कळत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या घराण्याचा अलीकडचा मूळपुरुष इंग्लंडचा सॅम्युएल रोबोथम. १८३८ साली नॉरफोकमधल्या ओल्ड बेडफोर्ड कालव्यात उतरून, डोळा पाण्यापासून आठ इंचांवर ठेवून त्याने सहा मैल जाणारी होडी शेवटपर्यंत पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवली. पाण्यालगतची हवा प्रकाशाला वाकवते, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. १८७० मध्ये जॉन हॅम्पडनने पृथ्वी गोल सिद्ध करून दाखवा, म्हणून पाचशे पौंडांची पैज लावली. ती आल्फ्रेड रसेल वॉलेसने उचलली. डार्विनच्या बरोबरीने निसर्गनिवडीचा सिद्धान्त मांडणारा हा माणूस तरुणपणी जमीनमोजणी करायचा. त्याने त्याच कालव्याच्या एका पुलावर दुर्बीण ठेवली, सहा मैलांवरच्या पुलावर एक खूण केली आणि मधोमध दुसरी. सगळं पाण्यापासून सारख्या उंचीवर, तेरा फुटांच्या वर. मधली खूण स्पष्ट वर दिसली. हॅम्पडनच्या पंचाने तेच दृश्य पाहून पृथ्वी सपाट सिद्ध झाल्याचं सांगितलं!

पैजेचे पैसे वॉलेसला देण्यात आले. हॅम्पडनने त्याच्या बायकोला धमकीचं पत्र पाठवलं, बदनामीपायी तुरुंगात गेला, तरी थांबला नाही. पुढे १८७६ मध्ये कोर्टाने, पैज कायद्याने बंधनकारक नसते म्हणून, त्याचे पाचशे पौंड त्याला परत देवविले. वॉलेसच्या पदरी मनस्ताप आणि खर्च.

डोळे सपाटरावांचेही शाबूत असतात. फक्त काय दिसलं तर हार मानू, हे ते आधी सांगत नाहीत. आणि सांगितलं तरी हॅम्पडनसारखं फिरवायला मोकळे असतात. तेव्हा त्यांच्याबरोबर भेळ खा, त्यांच्या दुर्बिणीतून जहाजं बघा, पैज मात्र लावू नका. जिंकायची खात्री असेल, तर मुळीच नको.