नऊशे ग्रॅमचा वाडा

मृग निघाला की पूर्वी बेळगावच्या शहापुरातली माणसं घरावर चढायची. फुटकं कौल बदलायचं, पन्हळीतला पाला काढायचा, पडवीला ताडपत्री मारायची आणि मग आर्द्रा, तरणा, म्हातारा ही सगळी नक्षत्रं घरात बसून चहावर काढायची. आता मृग निघाला की त्याच घरांतली पोरं बाहेर झोपायला जातात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तंबू. पोराला बापाचा रक्तगट विचारा, सांगता येणार नाही. तंबूचं वजन मात्र ग्रॅममध्ये पाठ.

माझ्या भाच्याचा तंबू नऊशे ग्रॅमचा. खुंट्या धरून की सोडून, यावर त्याच्या मित्रांत दोन तट आहेत. पस्तीस हजारांना पडला. ‘मामा, हलका आहे ना, म्हणून महाग,’ असं त्यानं मला समजावलं. म्हणजे जितकं कमी मिळेल तितके पैसे जास्त. हा हिशेब आजवर मला फक्त मोठ्या हॉटेलातल्या जेवणात दिसला होता. बरं, पाठीवरचा एक किलो वाचवायला पस्तीस हजार घालणाऱ्या या गृहस्थाच्या पोटावर दहा किलो जादा आहेत. ते तो फुकट वाहतो.

तंबूचं कापड गल्लीतल्या एका मागवाल्या काकांना दाखवलं. सांगली संस्थानच्या काळापासून शहापूर विणकरांचं. शहापूर, वडगाव, खासबाग, कुठल्याही गल्लीत गेलात तरी कापडाची परीक्षा करणारा माणूस सापडतोच. काकांनी कापडाचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं, दारातल्या उजेडाकडे ताणून बघितलं, शिवणीवरून नख फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘किती डेनियर?’

भाचा चमकला. हा शब्द फक्त त्याच्या ट्रेकिंगवाल्या टोळीचा आहे अशी त्याची समजूत. ‘वीस,’ तो म्हणाला.

‘मग आमच्या रेशमाएवढाच की धागा. लुगड्याला चालतंय. खरं ह्यात पावसात झोपायचं?’

काकांचं काही चुकत नव्हतं. नऊ हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरतो तितका त्याचा डेनियर. वीस डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर लांब धाग्याचं वजन वीस ग्रॅम. साडीला लागणारं कच्चं रेशीम बाजारात वीस-बावीस डेनियरचंच येतं. फरक इतकाच की साडीला दोन-चार पदर एकत्र पिळून घेतात आणि तंबूच्या कापडावर सिलिकॉनचा हात देतात. सासूबाईंच्या शालूला धक्का लागू नये म्हणून जपणारी आपली माणसं तेवढ्याच नाजूक धाग्याखाली आंबोलीच्या पावसात पसरतात, याला हिंमत म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा.

पाऊस किती झेलेल याचाही आकडा पिशवीवर छापलेला असतो: १५०० मिलिमीटर. खडेबाजारात चहा पिताना यावर घनघोर चर्चा झाली. एकाचं गणित सरळ होतं. बेळगावात वर्षाला तेराशेच्या आसपास पाऊस, म्हणजे तंबू इथं पुरेल. आंबोलीत सात हजारांच्या पुढेमागे, म्हणजे तिथं पाच तंबू एकावर एक घालावे लागतील! हसू नका. विकणाऱ्यालाही याहून जास्त सांगता आलं नव्हतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी ते पाझरत नाही. आकाशातून पडणाऱ्या थेंबाचा दाब क्षणभराचा, त्यामुळे छत सहसा गळत नाही. दाबून धरतो तो तुमचा गुडघा. ओल्या जमिनीवर तुम्ही तंबूत ओणवे झालात की गुडघ्याखालून पाणी वर येतं. म्हणून छतापेक्षा तळाचं कापड दणकट लागतं. हलक्या तंबूत नेमकी तिथंच काटकसर केलेली असते.

पण भाच्याचा आणि त्याच्या मित्रांचा तंबू बुडाला तो ना छतानं ना तळानं. तो बुडाला आतून.

कणकुंबीच्या बाजूला गेले होते. तिघं, दोन माणसांच्या तंबूत. (दोन माणसांचा तंबू म्हणतात खरा, पण ती दोन माणसं कुठल्या देशातली मोजतात कोण जाणे. आपल्याकडे त्यात दीडच मावतं.) झोपलेला माणूस रातोरात श्वासातून आणि घामातून पाव लिटर पाणी तरी हवेत सोडतो. तिघांचं मिळून पाऊण लिटर. त्यात भिजलेले कपडे, बूट, मोजे सगळे आत. पाऊस येतो म्हणून चेन गळ्यापर्यंत बंद. बाहेरचं कापड पावसानं गार पडलेलं. वाफ त्याला लागली की थेंब, आणि थेंब जड झाला की नाकावर. रात्री दोनला एकजण ओरडला, ‘गळतंय रे!’ मग पस्तीस हजारांच्या नावानं जे काय बोललं गेलं ते छापता येत नाही. गळत काहीच नव्हतं. ते त्यांचंच पाणी त्यांना परत मिळत होतं. दोन्ही टोकांच्या झडपा उघड्या ठेवल्या असत्या तर वाऱ्यानं थोडी वाफ गेली असती. थोडीच. कारण आषाढात कणकुंबीची हवा स्वतःच इतकी पाण्यानं भरलेली असते की तुमची वाफ घ्यायला तिच्यात जागा नसते. डोंगर कोरडा असलेल्या देशात काढलेली युक्ती इथं पिळून काढावी लागते.

याच कणकुंबीत माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम आणि म्हादईच्या खोऱ्यातला कळसा नाला. त्या खोऱ्यातल्या पाण्यासाठी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र वर्षानुवर्षं लवादापुढे भांडले. ऑगस्ट २०१८मध्ये लवादानं कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असं वाटून दिलं. मध्यरात्रीनंतर भाच्याच्या तंबूत साचलेलं पाणी कुणाच्या वाट्यातून वजा करायचं, ते निवाड्यात नाही. आमच्या भागातलं काहीही शेवटी सीमाप्रश्नावरच जातं, त्याला इलाज नाही.

आणखी एक गंमत. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू पहाटे ओल्या धोतरासारखा अंगावर येतो. दोऱ्या रात्रीतून एकदा तरी उठून पुन्हा ताणाव्या लागतात, आणि ते करायला बाहेर जाणार कोण यावर शाळेपासूनची मैत्री तुटते. पॉलिएस्टर एवढं सैल पडत नाही. हे मागवाल्या काकांना कोणी सांगावं लागलं नाही, भाच्याला कणकुंबीत कळलं. खुंट्यांची कथा वेगळीच. काडीएवढ्या त्या खुंट्या सड्यावरच्या जांभ्यात शिरत नाहीत आणि चिखलात राहत नाहीत. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं आधी वासे फिरले.

आता कोणी म्हणेल, मामा घरात बसून पोरांची टिंगल करतात. तसं नाही. पावसात डोंगर चालणं ही आपलीच परंपरा आहे, आणि हलकं चालण्याचा धडा तर आपल्या इतिहासात ठसठशीत आहे. १२ जुलै १६६०च्या रात्री पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज सहाशे माणसांनिशी निघाले. पाऊस, चिखल, मागं सिद्दी मसूद. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोचले. वाटेत तंबू ठोकायला कोणाला सवड नव्हती. पुढं १७०२मध्ये विशाळगड ताब्यात आला तेव्हा औरंगजेब ऐन पावसाळ्यात उलट दिशेनं पन्हाळ्याकडे निघाला. बरोबर शाही डेरे, हत्ती, उंट, बैल, बाजारबुणगे. नाले फुगले, जनावरं चिखलात रुतून मेली, डेरे भिजून दुप्पट जड झाले. महाराजांनी एक रात्र आणि एक दिवसात कापलेल्या वाटेला बादशहाला महिन्याहून जास्त लागला. मला वाटतं, पावसाळी मुक्कामाच्या सामानाबद्दल सह्याद्रीनं आपलं मत तेव्हाच देऊन टाकलं.

आजही जुलैत शेकडो लोक पन्हाळा ते पावनखिंड चालतात. जुनी जाणती मंडळी झोपतात कुठं? करपेवाडी, आंबेवाडीकडच्या घरांत, पडवीत, शाळेच्या व्हरांड्यात. कौलाखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, गरम भाकरी खाऊन. आमच्या बाजूलाही तेच. चंदगड, जांबोटी, चोर्ला, जिथं जाल तिथं देवळाचा सभामंडप आहे, चूल पेटलेलं घर आहे, चुलीवर वाळत घातलेल्या मोज्यांना नावं न ठेवणारी मावशी आहे. शिवाय रानात कुठंही तंबू टाकायला वनखातं देत नाही, ते वेगळंच. भीमगड अभयारण्यात विनापरवाना घुसलात तर तंबूचं वजन कोणी विचारणार नाही. २०२३च्या जुलैत दूधसागरला रुळावरून चालत आलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. तिथं पाठीवरचं ओझं कमी असलेल्यांचा थोडा फायदा झाला असेल.

मग हा तंबू वापरायचा कधी? दिवाळीनंतर म्हणाल, तर तेव्हा आपल्या डोंगरात पाऊस नाही. चटई टाका, घोंगडी ओढा आणि चांदण्या बघा. दंव पडतं आणि डास चावतात एवढंच, त्याला मच्छरदाणी बास. म्हणजे पावसात तो निभत नाही आणि पाऊस नसताना लागत नाही. हिमालयात, जिथं पुढं दोन दिवस घर नाही, तिथं त्याची किंमत वसूल होते, हे मी मान्य करतो. आमच्या भाच्याची हिमालयाची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही.

सध्या तंबू माझ्या बहिणीच्या घरी माजघरात आहे. एक टोक कपाटाच्या मुठीला, दुसरं खिडकीच्या गजाला. आठ दिवस झाले, वाळत नाही, कारण शहापुरात ऊनच नाही. घरातली माणसं त्याच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जातात. बहिणीचा निकाल तिथल्या तिथं आहे, ‘भाड्यानं खोली घेऊन दे त्याला.’ ओला गुंडाळून ठेवायचीही सोय नाही. ज्या तंबूंना पॉलियुरेथेनचा लेप असतो त्यांचा लेप दमट हवेत सुटतो, कापड चिकट होतं आणि त्याला असा वास येतो की मांजरसुद्धा फिरकत नाही.

तेव्हा पोरांनो, न्यायचाच असेल तर न्या. उंचवट्यावर लावा, ओढ्याच्या काठी नको. आधी वरचं कापड उभं करता येईल असा घ्या, नाहीतर लावतानाच आतली जाळी भिजते. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूबाहेर डोकावू देऊ नका, ते पागोळ्यांचं पाणी थेट पाठीखाली आणतं. ओले कपडे बाहेरच्या पडवीत, झडपा उघड्या, आणि तिसरा मित्र घरी. हे सगळं जमत नसेल तर छत्री घ्या, वाडीतलं एखादं घर गाठा आणि जेवणाचे, राहण्याचे पैसे सकाळी निघताना न विसरता द्या. ती माणसं मागत नाहीत.