नोंद घेतली!

वीजदराचा अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत, आणि तोही जनतेच्या सर्व सूचना-हरकतींचा विचार करूनच, वीज नियामक आयोगाने निर्णय द्यावा, असे २००३ च्या विद्युत अधिनियमाचे ६४ वे कलम फर्मावते. परंतु ‘विचार करणे’ आणि ‘मान्य करणे’ या दोन क्रियापदांत किती योजनांचे अंतर आहे हे ज्यास उमगलेले नाही, असा एखादा भोळा ग्राहकच शेकडो पानांच्या याचिकेतील कोष्टके रात्र जागून वाचतो, मुदतीत हरकत गुदरतो आणि सुनावणीत वाट्याला आलेली चार मिनिटे शर्थीने लढवितो. यथावकाश आदेशाच्या परिशिष्टात त्याचे नाव सन्मानपूर्वक छापले जाते, हरकतीपुढे ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो, आणि दरवाढ बिनहरकत त्याच्या उंबऱ्यावर येऊन ठाकते. लोकसहभाग तो हाच : हरकतीपुरता ऐच्छिक, देयकापुरता सक्तीचा.