अडसर

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारावर ऐकू येते. हैदराबादला आलेला पाहुणा ही टाळी वाजवल्याशिवाय परत जात नाही. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारावर ठोकलेले अणकुचीदार खिळेही तो बोट लावून बघतो. माझं मन मात्र अशा वेळी फळ्यांच्या मागे, दाराच्या आतल्या अंगाला घुटमळतं. जुन्या दरवाजांची खरी भिस्त तिथल्या अडसरावर. 1687 साली औरंगजेबाने हा किल्ला आठ महिने वेढला. तोफा झाल्या, सुरुंग झाले, वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत अन्नान्नदशा झाली. शेवटी किल्ल्यातल्याच अब्दुल्ला खान पनी नावाच्या सरदाराने एका रात्री आतून दार उघडलं. हत्तीसाठी ठोकलेले खिळे फितुराच्या बोटांना कसे टोचणार? पुढे गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला दौलताबादच्या चिनी महालात कैदेत ठेवलं. तिथे अडसर दाराच्या बाहेरच्या बाजूला असणार, एवढाच काय तो फरक.

वर्तमानपत्रांनी अडसराची फार बदनामी केली आहे. विकासातला अडसर, युतीतला अडसर. जणू वाटेत आडवा पडलेला कुणी आडदांडच. प्रत्यक्षात इतकं सोशीक लाकूड दुसरं नसेल. सुलतान बाजारामागच्या बोळातल्या आमच्या जुन्या घराचा अडसर दिवसभर भिंतीच्या पोटात झोपलेला असे. भिंत हातभर जाड, तिच्यात एका बाजूला अख्खा अडसर मावेल असं लांबलचक भोक आणि समोरच्या बाजूला जेमतेम चार बोटं खोल खोबण. दिवेलागणीला माई दाराच्या दोन्ही फळ्या लोटायची, कडीला धरून तो चौकोनी सागवानी वासा ओढायची, आणि तो घर्रघर्र करत, मध्येच थबकत, पेन्शनीतून परत बोलावलेल्या सुभेदारासारखा चौकीवर रुजू व्हायचा. बाहेरून कितीही जोर लावा, तो सगळा दोन्हीकडच्या भिंती सोसायच्या. अडसराने फक्त आडवं राहायचं.

खोड एकच. तो बाहेरून लावता येत नाही, म्हणून घरात कुणीतरी राहावंच लागतं. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे माई, वडिलांची थोरली आत्या. अडसराला किल्ली नव्हती आणि माईला रजा. रात्री दाराची कडी वाजली की ती आतून विचारी, "कौन?" उत्तर आलं, "मी", की दुसरा प्रश्न, "मी म्हणजे कोण?" वेदान्त्यांना जन्मभर न सुटलेला हा प्रश्न दुसऱ्या खेळाचा सिनेमा बघून आलेल्या माझ्या काकाला थंडीत कुडकुडत सोडवावा लागे. जानेवारीत सगळं घर नामपल्लीच्या मैदानावर नुमाइशला, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाला, जाई. परतताना माईसाठी बांगड्या, लोणच्याची बरणी, एकदा तर काश्मिरी शालही आली. "माई आहे म्हणून घर निर्धास्त," असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. तिला नुमाइश बघायची आहे का, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग एका वर्षी त्याच नुमाइशमधून काकाने अलीगढचं कुलूप आणलं. सुताराने दाराला बाहेरून कोयंडा ठोकून दिला, आणि पुढच्या खेपेला माई आमच्याबरोबर निघाली. किल्ली पदराच्या गाठीत. रिक्षात तिला एकच घोर: कुणी येऊन कडी वाजवली तर आतून "कौन" कोण म्हणणार? मैदानावर पोचल्यावर आम्ही तिला मुलांच्या आगगाडीत बसवलं. गाडी फेरी मारून थांबली, पोरं उतरली, माई जागची हलेना. काका म्हणाला, "माई, उशीर होतोय. घरी कुणी नाहीये."

"मग घाई कशाला?" माई म्हणाली आणि तिकीटवाल्याकडे वळली, "और एक चक्कर मारो, बेटा."