पुष्कराज कुणी खिशात घातला?

"शेंगा नंतर तोड गं, आधी इकडे ये. आणि हळू बोल, तो वरच आहे."

शेजारच्या काकू सहकारी बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाल्या. कुंपणाच्या तारेवर कोपर टेकायच्या जागी त्यांनी जुन्या साडीची पट्टी गुंडाळून ठेवली आहे. आमच्या गप्पा किती वेळ चालतात ते त्यावरून समजा. आज त्यांच्या हातात लाल बांधणीची वही होती.

"काकू, भिशी पुन्हा सुरू केलीत?"

"भिशी कसली! खजिना आहे हा. शनिवारी नातवाची गँग येते ना, त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाला. दर वेळी भांडणं. कुणाकडे किती मोहरा, कुणी किती उडवल्या, कशाचा कशाला मेळ नाही. मी म्हटलं, आणा ती वही इकडे. तेव्हापासून मी खजिनदार. पोरं जीपी म्हणतात, मी मोहरा लिहिते."

मला त्या खेळातलं इतकंच कळतं की टेबलाभोवती सहा जणं बसतात, काकूंचा नातू डीएम म्हणून गोष्ट सांगतो, बाकीचे पाच आपापलं पात्र चालवतात आणि वीस बाजूंचा फासा पडला की कुणीतरी किंचाळतं.

"मग? झालं काय?"

"या शनिवारी ड्रॅगन मेला. गुहेत १३६० मोहरा. मी आधी वजन काढलं. हल्लीच्या नियमात ५० नाण्यांचा १ पौंड, म्हणजे सव्वाबारा किलो. उचलतील बापडे. जुन्या आवृत्तीत १० नाण्यांचाच पौंड व्हायचा, तेव्हा जवळजवळ ६२ किलो भरलं असतं. वाटणी राहिली बाजूला, हमालीवरूनच जुंपली असती. शिवाय त्यांच्यात इलेक्ट्रम म्हणून एक नाणं आहे, अर्ध्या मोहरेचं. सोन्याची अधेलीच म्हण. ते कुणालाच नको असतं, मला मात्र आवडतं."

"काकू, भांडण."

"तेच सांगतेय. आधी ती क्लेरिक झालेली मुलगी उठली. म्हणाली, तुम्हाला जगवायला मी पदरच्या ६ बाटल्या औषध पाजलं, ५० मोहरांची एक. ३०० आधी माझे काढा, मग वाटा. पॅलाडिन म्हणतो, मी अंगावर वार घेतले त्याचे किती देणार? मी म्हटलं, वाराची पावती आहे का? नाही ना? बाटलीची आहे. खर्च आधी वजा, नफा मागाहून. राहिले १०६०, पाच जणांत २१२ प्रत्येकी."

"पण परवा चौघंच दिसले मला. सीएची परीक्षा देणारा तो आला नव्हता ना?"

"बघ, तुझ्याही लक्षात आलं! त्याचा रेंजर डीएमने चालवला. म्हणे, जो आला नाही त्याला वाटा कशाचा? मी विचारलं, रेंजर गुहेत होता की नव्हता? होता. बाण मारले? मारले. मग पोरगं कुठे का असेना, खातं चालू आहे. दिला वाटा."

इथे काकूंनी वहीचं पान उलटलं आणि चष्मा नाकावर खाली ओढला. म्हणजे खरा मासला पुढेच होता.

"विझर्ड मेला. ड्रॅगन पडायच्या दोन फासे आधी. लगेच त्या पोराने नवं पात्र आणलं, मेलेल्याचा चुलतभाऊ. तोही विझर्डच, नावात एका अक्षराचा फरक. म्हणतो, दादाचा वाटा मला द्या."

"आता मात्र सातबारा काढावा लागला असेल."

"हसू नकोस. नियम आहे त्याला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला ना अमेरिकेत, त्यातच लिहिलंय की डीएमची परवानगी असेल तर पात्राने एक नातेवाईक वारस नेमावा. वारसाने सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात करायची आणि मिळालेल्या मालावर १० टक्के कर भरायचा. आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, माझ्या वहीत अजून चालू! मी लावला. २१२ चे राहिले १९० मोहरा आणि ८ रुपे. कर गेला राजाकडे, म्हणजे डीएमच्या घशात. त्या पोराने तोंड वाकडं केलं, पण घेतले. मोती मात्र नाही दिला मी."

"कसला मोती?"

"जादूची वस्तू ओळखायचा मंत्र असतो, त्याला १०० मोहरांचा मोती लागतो. हल्ली तो वापरून परत मिळतो. जुन्या पुस्तकात तर मोती आणि घुबडाचं पीस दारूत भिजवून ते प्यायचं, शिवाय एक चिमुकला मासा जिवंत गिळायचा. शी! आमचा मोती सामायिक पैशातून घेतलेला. ठेवला होता विझर्डच्या खिशात, म्हणून काय त्याच्या वारसाचा झाला? बँकेची किल्ली घरी नेली म्हणून तिजोरी माझी होते का?"

मी म्हटलं, काकू, खोट्या सोन्यासाठी एवढं?

"अगं, सुरुवातीला ते सोनं खोटं नव्हतंच एका अर्थाने. तेव्हा १ मोहर मिळाली की १ अनुभवाचा गुण. गुण साठले की पात्र वरच्या लेव्हलला. म्हणजे वाटा कमी मिळाला तर बढती अडली! १९७८ च्या पुस्तकात गायगॅक्सनेच वाटणीच्या रीती सांगून ठेवल्यात: सगळ्यांना सारखं, नाहीतर लेव्हलप्रमाणे, नाहीतर सारखं वाटून जो चांगला खेळला त्याला जास्तीचा हिस्सा. ही तिसरी रीत मी बंदच ठेवलीय. चांगलं कोण खेळलं हे ठरवायला बसलं की रात्रीचे अकरा. आणि हल्ली पोरं वस्तूंवर भांडतात. या खेपेला आगीची तलवार निघाली."

"पॅलाडिनला दिलीत?"

"त्याच्याकडे तीन जादूच्या वस्तू आधीच जोडलेल्या. नियमच आहे, एकावेळी तीनच जुळतात. चौथी कमरेला लटकवायची ती नुसती शोभेला. तरी हवी! मी म्हटलं, घेतोस तर एक सोड. सोडवेना. मग उरला चोर. छोटी तलवार, त्याच्या हातात बसणारी. मी नाव लिहिणार, तेवढ्यात तो म्हणतो, काकू, बाजारातून विषाच्या ४ बाटल्या घेतल्यात, तेवढ्या खर्ची टाका. १०० मोहरांची एक."

काकू थांबल्या. वरच्या खिडकीकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आला.

"त्याची शिल्लक १५. वाटा २१२. झाले २२७. मग ४०० कुठून आले? मी पेन खाली ठेवलं. बँकेत असं झालं की आम्ही शटर ओढायचो. सगळे गप्प. शेवटी निघालं. गुहेत हा एकटा पुढे गेला होता टेहळणीला, तेव्हा एक पुष्कराज खिशात घातला. ५०० चा. मोजणीत आलाच नाही तो."

"अरे देवा. म्हणाला काय?"

"म्हणतो, माझं पात्रच चोर आहे, काकू. चोराने चोरी नाही करायची तर काय भजन करायचं? मी म्हटलं, पात्र चोर असू दे. ड्रॅगनला लूट, राजाला लूट. पण वार झेलणारा पॅलाडिन तुझ्या पाठीशी उभा होता, आणि तू माझ्याकडचे पोहे दोनदा घेऊन खाल्लेस. ते पात्राने खाल्ले का?"

"बरोबर केलंत."

"ते सोड. पुढचं ऐक. हे डीएमला माहीत होतं! चोराने मोबाइलवर गुपचूप लिहून पाठवलं होतं, आणि आमच्या दिवट्याने 'ओके' म्हणून अंगठा दिला. माझा सख्खा नातू. मला खजिनदार केलं आणि पुष्कराज लपवला. म्हणतो, आजी, डीएमने पंचासारखं राहायचं, एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही. त्यालाही नियम आहे म्हणे."

खरं सांगायचं तर मला नातवाचं पटत होतं. पण कुंपणाच्या या बाजूला राहायचं असेल तर काही मतं शेंगांबरोबर टोपलीत टाकावी लागतात.

"मग तलवार कुणाला?"

"कुणालाच नाही. पुष्कराजाचे ५०० चोराच्या नावे टाकले. त्यात पाचवा हिस्सा त्याचाही, म्हणून ४०० येणे. विष माघारी घेत नाहीत बाजारात, विचारलं मी. आणि तलवार..." काकूंनी वही माझ्यासमोर धरली. शेवटच्या ओळीवर ठसठशीत अक्षरात 'सस्पेन्स खाते' लिहिलं होतं.

"पॅलाडिनची आई भेटली तर काही बोलू नकोस हं. तो काल उगीच कढीपत्ता मागायला आला होता."