तुळजापूरचे व्हिसापंडित

परदेशी सोयरिकीचे कागद कसे करावेत हे अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात फक्त आपल्यालाच कळतं, अशी या लेखाच्या लेखकांची समजूत आहे. तिला आधारही भक्कम आहे. एकदा टूर कंपनीबरोबर त्यांनी युरोप पाहिला होता. त्या व्हिसाचा फॉर्म टूरवाल्यानंच भरला, यांनी फुलीपुढं सह्या केल्या. पण तेव्हापासून टपरीवर ‘शेंगेन’ म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत जातो.

पुतणीचं एका जर्मन नागरिकाशी जमलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यातला निम्मा पुतणीसाठी होता.

वहिनींपुढं मांडी घालून त्यांनी कायदा लावायला घेतला. युरोपियन युनियनचा २००४ सालचा एक निर्देश आहे. युनियनमधल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्यदेशात राहायला गेला, तर त्याची बायको कुठल्या का देशाची असेना, त्याच्याबरोबर राहू शकते. व्हिसा फुकट, तोही लवकर. रहिवासाचं कार्ड पाच वर्षांचं, आणि सलग पाच वर्षं काढली की कायमचा हक्क.

“आन् आपला जावई?” वहिनी म्हणाल्या.

जावई जर्मन आणि राहायलाही जर्मनीतच. म्हणजे त्याला हा निर्देश लागू नाही. त्याला त्याच्या घरचाच कायदा. म्युनिकला नोकरीला आलेल्या स्पॅनिश माणसाच्या मराठी बायकोला जर्मनचा एक शब्द यावा लागत नाही. म्युनिकच्याच माणसाच्या बायकोला मात्र सहसा इथूनच ए-वनची परीक्षा देऊन, शंभरात साठ मिळवून जावं लागतं. त्याहून कडी म्हणजे पुण्याचा एखादा मुलगा तिकडं नोकरीच्या ब्लू कार्डावर असेल, तर त्याच्याही बायकोला परीक्षा माफ. जावयाचा मान सासुरवाडीत, स्वतःच्या घरी त्यालाही दळण आणायला पाठवतात, एवढं वहिनींनी लगेच ओळखलं.

इथं लेखकांना सुरिंदर सिंग आठवणारच. हा भारतीय गृहस्थ. १९८२ साली त्यानं ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश बाईशी लग्न केलं, दोघांनी काही काळ जर्मनीत नोकरी केली आणि १९८५ च्या अखेरीस ती ब्रिटनला परतली. पुढं संसार मोडला, ब्रिटन त्याला ठेवून घेईना, आणि प्रकरण लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. ७ जुलै १९९२ ला निकाल लागला : दुसऱ्या सदस्यदेशात काम करून नागरिक मायदेशी परतला, तर त्याच्या जोडीदाराला तिथं होते त्याहून कमी हक्क देता येणार नाहीत. तोवर घटस्फोटाला तीन वर्षं होऊन गेली होती. पण नियम राहिला, आणि ब्रिटन बाहेर पडलं तरी युनियनमध्ये तो आजही चालतो. तेव्हा जावयानं हॉलंडला जाऊन खराखुरा संसार थाटावा आणि मग बायकोला घेऊन घरी यावं, असा लेखकांचा तोडगा होता.

“काका, त्यापेक्षा ए-वन लवकर होतं,” पुतणी म्हणाली. हॉलंड तिथंच बुडालं.

तसं बघितलं तर आपल्या जिल्ह्याची लेक पूर्वीच बिनव्हिशाची युरोपात गेलेली आहे, आणि हा विषय निघाला की लेखकांना आवरणं कुणाच्या बापाला जमत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुवियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय बाहुली सापडली. तिच्यासारखीच एक तेरला मिळाली. ती तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं ‘पेरिप्लस’ या जुन्या सफरनाम्याच्या ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय. इथला माल गाड्यांनी भडोचला जायचा, तिथून जहाजानं पश्चिमेला. जाडंभरडं कापड जायचं, मलमल जायची. आणि ज्या गावची मलमल एवढी नावाजलेली, तिथली पोरगी अंगावर नुसते दागिने घालून गेली! भोकरदनलाही तशीच एक सापडल्यामुळं जालनेकर हक्क सांगतात. लेखक तिकडं लक्ष देत नाहीत. पाँपेईची बाहुली सध्या नेपल्सला मुक्कामी आहे आणि दोन हजार वर्षांत तिला कुणी ए-वनचं सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

“ती लगीन करून गेल्ती का?”

“नाही.”

“मग तिचं कशाला सांगायलाव, भाऊजी?”

विनोद संपतो तो कागदांपाशी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस समजून घेता येते. पण मुलीचा जन्मदाखला उस्मानाबादचा, २०२३ नंतरचा प्रत्येक कागद धाराशिवचा, आणि ही दोन गावं एकच आहेत हे सांगायला तिसरा कागद. मे २०२४ मध्ये नामांतरावर उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, हे परदेशातल्या कारकुनाला कुणी सांगायचं? भारताचा अपोस्टिल शिक्का जर्मनी मानत नाही, म्हणून कागदांची शहानिशा वेगळी. एवढं करून लग्न खरं की कागदापुरतं, हा संशय आहेच. लेखकांना मनापासून राग येतो तो याचा. ज्या पोरीनं बापाशी सहा महिने अबोला धरला, तिनं आता फोटो आणि मेसेज चळतीनं जोडून दाखवायचं की आपलं खरंच जमलेलं आहे.

पोरगी मात्र शांत. परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यावी लागते : नाव, वय, देश, गाव. शिवाय एखादं नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगायला लावतात. त्यामुळं ती भांडी घासता घासता तुळजापूर म्हणते : टे, ऊ, एल, योट, आ, पे, ऊ, एर. दुसऱ्या दिवशी वहिनी परात विसळताना ‘योट, आ, पे’ पुटपुटत होत्या. लेखकांना ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी पेपर वर धरला.

लग्न आणि रहिवास टिकला तर तीन वर्षांनी तिला तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. जर्मनीनं जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतलीत. भारत घेत नाही. दुसरं स्वीकारलं की पहिलं गेलं.

“मग देवीच्या दर्शनाला यायचं तर व्हिसा काढून व्हय?”

तसं नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते, लेखक घाईघाईनं म्हणाले. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली चालते. वहिनी खिडकीतून बांधाकडं बघत राहिल्या, आणि लेखकांना बोलायला काही सुचलं नाही, हा त्यांच्या कारकिर्दीतला दुर्मिळ प्रसंग.

“मला किती दिस राहता यील? बाळंतपणाला?”

एकशे ऐंशी दिवसांत नव्वद.

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. “सव्वा म्हैना बाळंतिणीचा. ऱ्हायलेल्या दिसांत जावयाला ज्वारीची भाकरी थापाय शिकविते. मग त्याचीबी परीक्षा घिऊ की. शंभरात साठ.”